वर्ण : गव्हाळ

जयमालेचा फोटो आठ वर्षांत चार पाहुण्यांच्या खिशांतून फिरून आला, आणि चारही वेळा परत आला तेव्हा तो जयमालेपेक्षा गोराच होता. फोटोचं काय जातं, तो थोडाच उन्हात राबतो? श्रीगोंद्याच्या स्टुडिओवाल्यानं तो काढला तेव्हा तिच्या आईनं, सुमनबाईनं, त्याला बजावलं होतं, "जरा उजळ काढ बाबा, पोरीच्या जल्माचा सवाल हाय." त्या भल्या माणसानं इमानेइतबारे उजळ काढला. मग काष्टीला घरी पाहुणे यायचे. आधी हातातल्या फोटोकडं बघायचे, मग पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या जयमालेकडं, आणि मग पुन्हा फोटोकडं.

त्या तिसऱ्या बघण्याला जयमाला चांगली ओळखून होती. पहिली दोन बघणी माणसाची असतात, तिसरं असतं गिऱ्हाइकाचं. ते झालं की पुढचं सगळं ठरलेलं. पोहे खायचे, चहा प्यायचा, "कळवतो" म्हणायचं, आणि पंधरा दिवसांनी पोस्टानं पाकीट. पाकिटात फोटो.

स्थळाच्या कागदावर दर वेळी एक ओळ असायची, 'वर्ण : गव्हाळ'. आता आमच्या भागात पिकते ज्वारी, पण लग्नाच्या कागदावर बघाल तर सगळ्या पोरी गव्हाळ. हा शब्द कुणी काढला कोण जाणे. न गोरी म्हणायची हिंमत, न काळी म्हणायची दानत, म्हणून मधला गव्हाळ. जयमाला गव्हाळ नव्हती. काळी होती, बापावर गेलेली, आणि तिला स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते त्या तिसऱ्या बघण्याचं. एकदा तरी कुणी आपल्याकडं एकदाच बघावं आणि बघत राहावं, एवढीच तिची इच्छा. पण छत्तिसावं लागलं तरी तेवढंही पुरं झालं नव्हतं.

ती नगरला सावेडीत रतनबाईंच्या बंगल्यामागच्या खोलीत भाड्यानं राहायची आणि नागापूरच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होती. अकरा वर्षं. पंपाचे सुटे भाग तपासायचे, ड्रॉइंगशी ताडून बघायचे, पास नाहीतर रिजेक्ट. ड्रॉइंग हातात धरल्याशिवाय एक भाग ती पास करायची नाही. "जयमालाबाई देवाला पण ड्रॉइंग मागतील," असं खात्यातले म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. संध्याकाळी खोलीवर यावं, दोन भाकरी टाकाव्या, एक खावी, एक सकाळसाठी झाकून ठेवावी. एका माणसाचा स्वयंपाक फार अवघड असतो. पीठ किती घ्यावं तेच कळत नाही. रतनबाई कधीमधी दारात येऊन विचारायच्या, "काय गं, आज कुणी येणार होतं का?" कुणी येणार नसायचं. रतनबाईंनाही ते ठाऊक होतं, पण त्याही एकट्याच होत्या. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारायच्या.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कारखान्यात फ्लॉपीचा कॅमेरा आला. रीळ नाही, धुणं नाही. पोटात कॉम्प्युटरची फ्लॉपी सरकवायची, बटण दाबायचं, की मागच्या छोट्या पडद्यावर फोटो हजर. परदेशातल्या गिऱ्हाइकाला मालाचे फोटो धाडायचे म्हणून मालकानं तो आणला आणि खात्याचे साहेब काकासाहेब यांच्या हवाली केला. काकासाहेबांनी तो दोन दिवस टेबलावर नुसता ठेवला, तिसऱ्या दिवशी जयमालेपुढं सरकवला. "तुम्ही बघा बाई. माझ्या बोटाला ही बटणं सापडत न्हाईत."

पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. काळा लेप दिलेले भाग होते, पार तव्याच्या बुडासारखे काळे. त्यांचे फोटो गेले आणि गिऱ्हाइकाचा निरोप आला, लेप काळा नाही, राखाडी आहे, माल थांबवा. काकासाहेब भाग हातात घेऊन खिडकीपाशी गेले, उन्हात फिरवून आले. "डोळे फुटले का त्याचे? याहून काळं आणखी काय असतं?" पण फोटोत भाग खरंच राखाडी दिसत होता. राख फासल्यासारखा.

जयमालेनं जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून कॅमेऱ्याचं इंग्रजी पुस्तक उघडलं. तीन दुपारी गेल्या. चौथ्या दुपारी तिला ते पान सापडलं आणि वाचता वाचता तिला हसूच आलं.

काकासाहेबांना तिनं ते असं समजावलं. "साहेब, या यंत्राची एक समजूत आहे. जगात जे काही आहे ते ना काळं, ना पांढरं, मधल्याच रंगाचं असतं, असं ते धरून चालतं. पुढं काळं ठेवलं की त्याला वाटतं, अरे इथं अंधार आहे. मग ते जादा उजेड घेतं आणि काळ्याचं राखाडी करतं. पांढरं ठेवलं की वाटतं, उजेड फार झाला. मग ते हात आखडतं आणि पांढऱ्याचंही राखाडी करतं."

"म्हणजे काळं दिसत न्हाई आणि पांढरंही दिसत न्हाई?"

"त्याच्या लेखी सगळं गव्हाळ."

काकासाहेब हसले. त्यांच्या तीन पोरी उजवून झाल्या होत्या, त्यांना तो शब्द सांगावा लागला नाही. "मग यावर इलाज?"

इलाज होता. अधिक आणि उणं अशी बटणं होती, अर्ध्या-अर्ध्यानं दीडपर्यंत उजेड वाढवणारी नाहीतर कमी करणारी. काळ्या वस्तूला उणं द्यायचं, पांढऱ्याला अधिक. ऐकायला उलटं वाटतं. पांढऱ्याला आणखी उजेड कशाला? पण तसंच असतं. यंत्राला सांगावं लागतं, बाबा, तुझी समजूत राहू दे तुझ्यापाशी, हे खरोखर पांढरं आहे. जयमालेनं उणं एक दिलं, काळा भाग काळा आला. फोटो पुन्हा गेले, माल सुटला. तेव्हापासून कॅमेरा जयमालेचाच झाला.

पावसाळा सरत आला आणि सुमनबाईचा काष्टीच्या एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन आला. दौंडचं स्थळ होतं. महेंद्र नाव, रेल्वेत कारकून, चाळीस वर्षांचा. दोन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेला. "माणूस लई शांत हाय म्हनत्यात. तुजा त्यो फोटू धाडते."

"तो नको धाडू. मी नवा पाठवते."

 मग सुमनबाई म्हणाली, "आता काळीकुट्ट काढून घिऊ नको म्हंजे झालं. आदीच वय झालंय."

बोलते ती आईच, पण लागायचं ते लागतंच. जयमालेनं फोन ठेवला आणि काकासाहेबांना विचारलं, "साहेब, सुट्टीत स्वतःचा एक फोटो काढला तर चालेल का?" साहेब म्हणाले, "एक का, दहा काढा. त्यात रीळ थोडंच जळतंय."

दुसऱ्या दिवशी ती पौर्णिमेला विहारात वंदनेला जाताना नेसायची ती पांढरी साडी नेसून कामावर आली. फिकट निळ्या बारीक काठाची. दुपारी स्टोअरच्या चुना लावलेल्या भिंतीपुढं तिनं स्टूल मांडलं, त्याच्यासमोर ड्रमावर कॅमेरा ठेवला. बटण दाबलं की दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघायचा. दाबायचं आणि साडी सावरत पळत जाऊन स्टुलावर बसायचं. बसलं की दिवा लुकलुकायचा आणि समोर कुणी नाही. "जरा हसा," म्हणणारंही कुणी नाही. लग्नाचा फोटो आणि आपणच पळतोय, आपणच बसतोय, या गोष्टीचं तिला मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटायलाही दहाच सेकंद होते.

पहिल्या फोटोत पांढरी साडी मळकट आली आणि तोंडाच्या जागी नुसता काळा ठिपका. डोळेसुद्धा दिसेनात. बरोबरच होतं, साडी पांढरी, भिंत पांढरी, यंत्र बिचकलं. मग तिनं अधिक दीड दिलं, याहून पुढं बटण जात नव्हतं. पडद्यावर फोटो आला आणि जयमाला बघतच राहिली. स्टुलावर ती श्रीगोंद्याच्या स्टुडिओतली बाई बसली होती. गव्हाळ. आठ वर्षं जी चार घरं हिंडून आली तीच. फक्त साडीचा काठ नाहीसा झाला होता. निळी रेघ पांढऱ्यात पार उडून गेली होती.

खोटं कशाला बोला, पाच मिनिटं तिला मोह झाला. कुणाला कळणार होतं? स्टुडिओवाला नको, पावडर नको, नुसतं एक बटण. पण मग तिला ते तिसरं बघणं आठवलं.

तिनं अधिक अर्धं दिलं. पुन्हा पळाली, पुन्हा बसली. या खेपेला काठही दिसला आणि तोंडही. कारखान्याच्या रंगीत प्रिंटरवर तिनं तो फोटो काढला, आणि नमुना ताडून बघायची सवय म्हणून त्याच्या शेजारी टेबलावर स्वतःचा हात ठेवला. हाताचा रंग आणि फोटोतल्या गालाचा रंग, दोन्ही एकच. पास. स्थळाच्या कागदावर 'गव्हाळ' खोडून तिनं पेनानं 'काळा' लिहिलं आणि पाकीट स्वतःच दौंडला टाकलं. आईला सांगितलंच नाही.

आता कुणी बघायलाही येणार नाही, नकार घरबसल्याच येईल, असं तिनं धरलं होतं. आला तो होकार. शनिवारी बघायला येतो, असं पत्र, आणि सोबत महेंद्रचा फोटो. माणूस उजळ होता. डोळे शांत, ओठांच्या कडेला हसू येता येता राहिलेलं. अंगात पांढरा स्वच्छ शर्ट, इतका स्वच्छ की त्याच्या गुंड्यासुद्धा दिसत नव्हत्या. जयमालेला वाटलं, किती टापटिपीचा माणूस. रोज काळं-पांढरं तपासणारी बाई, पण तिला वाटलं ते एवढंच. माणूस आशेला लागला की त्याला समोरचं दिसत नाही. तो फोटो तिनं पर्समध्ये ठेवला. त्या आठवड्यात एका संध्याकाळी तिनं चुकून तीन भाकरींचं पीठ मळलं.

शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. रजा टाकून ती सकाळच्या एसटीनं निघाली. स्टँडवर उतरली तर पाय ठेवायला जागा नाही. शेळ्या, बैल, टेम्पो, कांद्याच्या गोण्या आणि त्यातून वाट काढणारी माणसं. पाहुणे घरी दुपारी पोचायचे होते, तिला त्याआधी साडी बदलायची होती.

लिंबाखालून एक माणूस गर्दीतून सरळ तिच्याकडं चालत आला. काळासावळा, केस विरळ झालेले, गालावर देवीचे बारीक व्रण. समोर उभा राहिला आणि म्हणाला, "जयभीम. तुम्ही जयमाला ना?"

"जयभीम," ती म्हणाली. "आपण?"

"मी महेंद्र. दौंडहून. आईंकडं जाण्याआधी म्हटलं, आपणच भेटावं जरा."

आणि इथं जयमालेच्या हातून ते झालं. तिनं ठरवून काही केलं नाही, हे सांगायलाच हवं. अकरा वर्षांची हाताची खोड. ड्रॉइंग समोर धरल्याशिवाय पास करायचं नाही. हात आपसूक पर्समध्ये गेला, फोटो बाहेर आला. तिनं फोटोकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा फोटोकडं.

तिसऱ्यांदा मान खाली गेली आणि तिथंच तिला कळलं. फोटोतल्या शर्टाला गुंड्या नव्हत्या. तिच्यासमोर जो शर्ट होता त्याला होत्या, साध्या पांढऱ्या, वरून दुसरी जरा सैल. अधिक दीड. आपण हे बघितलं होतं आणि तरी बघितलं नव्हतं. तिला मान वर करवेना.

महेंद्र हलला नाही. जसा उभा होता तसाच उभा राहिला, हात खाली सोडून. असं कसं उभं राहायचं असतं, ते त्याला माहीत होतं. जयमालेलाही माहीत होतं. ती चार वेळा अशीच उभी राहिली होती.

"तो फोटो अक्कानं धाडला," तो शेवटी म्हणाला. "आमच्या स्टुडिओवाल्याचा हात सगळ्यांनाच गोरं करतो. मी म्हणत होतो, आहे तसाच काढा. तर अक्का म्हणाली, आधीच वय झालंय."

"तसं नाही हो, मी फक्त..." जयमाला म्हणाली आणि थांबली. मी फक्त काय? त्या चौघांनी तरी दुसरं काय केलं होतं?

"मनाला लावून घेऊ नका. मला सवय आहे."

एवढं बोलून तो चालायला लागला आणि ती शेजारून चालली. घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तो बसला. सुमनबाईशी नीट बोलला, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, पोहे संपवले, दुसरा चहा घेतला. सुमनबाई खूश. आत येऊन जयमालेच्या कानात म्हणाली, "मानूस लई चांगला हाय गं. रंगाचं सोड." जयमालेच्या डोळ्यांत पाणी आलं ते बघून आईला वाटलं, पोरगी हरकली. दारात चपला घालताना तो म्हणाला, "कळवतो," आणि जयमालेकडं न बघता खाली उतरला. तो उद्धटपणा नव्हता. आपल्याकडं पुन्हा बघायची वेळ तो तिच्यावर आणत नव्हता.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. कारखान्याच्या पत्त्यावर, कारण तिनं तोच लिहिला होता. आत तिचा फोटो, पातळ कागदात नीट गुंडाळलेला, आणि चार ओळी.

'तुमचा फोटो खरा होता. बाजाराच्या गर्दीत लांबूनच ओळखलं. कुणी आहे तसा फोटो पाठवतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून तासभर आधी येऊन स्टँडवर उभा होतो. योग नाही. माझा फोटो सवडीनं परत पाठवावा.'

जयमालेनं ते पत्र दुपारपर्यंत चार वेळा वाचलं. तासभर उभा होता. जन्मभर जे मागितलं ते असं शेळ्या-बैलांच्या गर्दीत चालत समोर आलं होतं, एकदाच बघून ओळखणारं, आणि तिनं काय केलं, तर पर्स उघडली.

जेवणाची सुट्टी झाली, खातं रिकामं झालं. तिनं डबा उघडला नाही. महेंद्रचा फोटो परत करायचा होता, रीतच होती ती. पण धाडण्याआधी तिनं तो तपासणीच्या टेबलावर सपाट ठेवला, कॅमेरा वर धरला आणि उणं अर्धं देऊन बटण दाबलं. मग उणं एक. मग उणं दीड. तिला स्टँडवरचा माणूस हवा होता. देवीचे व्रण, गुंड्या, सैल झालेली ती दुसरी गुंडी. पडद्यावर शर्ट राखाडी होत गेला, तोंड राखाडी होत गेलं, पण व्रण काही आले नाहीत आणि गुंडी एकसुद्धा उमटली नाही. पुस्तकात तेही लिहिलेलं होतं, तिनंच वाचलं होतं. जे काळं पडलंय त्यातून थोडंफार निघतं. जे पांढऱ्यात उडालं ते गेलं, मग मागनं कितीही उणं करा.

काकासाहेब हात धुऊन रुमालाला पुसत आत आले. टेबलाशी वाकलेली जयमाला बघून लांबूनच त्यांनी विचारलं, "सुट्टीत पण काम? कुठला पीस आहे?"

"रिजेक्ट झालेला आहे, साहेब."

"काय दोष निघाला?"

"दोष नव्हता," जयमाला म्हणाली. "पीस चांगला होता. माझ्याकडनं चुकून रिजेक्ट झाला."

"मग घ्या की परत. तुमचाच तर शिक्का आहे."

तिनं नकारार्थी मान हलवली. फोटो पातळ कागदात गुंडाळून पाकिटात घातला, वर दौंडचा पत्ता लिहिला. फ्लॉपीवरचे तिन्ही फोटो एकेक करून पुसले, आणि सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा काळ्या भागांचा पुढचा ट्रे जवळ ओढला.